व्हॅटिकन नगरराज्य : शासन आणि कायदा

व्हॅटिकन सिटी हे जगातले सर्वांत लहान सार्वभौम राज्य आहे. रोम शहराच्या पोटात, टायबर नदीच्या पश्चिम तीराजवळ, जेमतेम 44 हेक्टर जमिनीवर ते वसले आहे. सेंट पीटर बॅसिलिका आणि तिच्यापुढचा चौक, वस्तुसंग्रहालये, बागा, कचेऱ्या, रेल्वेस्थानक आणि काही निवासस्थाने एवढाच त्याचा पसारा. इथे शेती नाही, कारखाने नाहीत, राजकीय पक्ष नाहीत, लोकांनी निवडून दिलेली संसदही नाही. तरीही राज्याला लागते ते सगळे इथे आहे : राज्याचा मूलभूत कायदा, तीन पायऱ्यांची न्यायव्यवस्था, पोलीस, तुरुंगाच्या कोठड्या, नाणी, टपाल तिकिटे आणि नागरिकत्व. कॅथलिक चर्चच्या प्रमुखाला, म्हणजे पोपला, दुसऱ्या कोणत्याही सरकारच्या हाताखाली राहावे लागू नये, या एकाच हेतूने हे राज्य निर्माण झाले. त्याची प्रत्येक संस्था आणि प्रत्येक कायदा या हेतूपाशी येऊन पोचतो. हे ध्यानात ठेवले नाही, तर व्हॅटिकनचा कारभार विसंगतींनी भरलेला वाटतो. ध्यानात ठेवले, तर त्यातला क्रम दिसू लागतो आणि त्यातल्या खऱ्या अडचणीही दिसतात.

आठव्या शतकाच्या मध्यापासून मध्य इटलीच्या मोठ्या पट्ट्यावर पोपची राजसत्ता होती. फ्रँक राजा पेपिन याने जिंकलेला प्रदेश पोपला दिला, त्या दानातून ही पोपशाही उभी राहिली आणि अकराशे वर्षे कमीअधिक विस्ताराने टिकली. एकोणिसाव्या शतकात इटलीचे एकीकरण सुरू झाले, तसे तिचे प्रांत एकामागून एक गेले. 20 सप्टेंबर 1870 रोजी इटलीच्या सैन्याने पोर्ता पिया या वेशीजवळचा तट फोडून रोम घेतले. पुढच्या वर्षी इटलीच्या संसदेने एक कायदा करून पोपला मानमरातब, वार्षिक तनखा आणि राजवाड्यांचा वापर देऊ केला. पोप नववे पायस यांनी तो नाकारला. एका संसदेने दिलेले दुसरी संसद काढून घेऊ शकते, हा त्यामागचा मुद्दा होता आणि कायद्याच्या दृष्टीने तो बिनतोड होता. त्यानंतर एकोणसाठ वर्षे एकाही पोपने व्हॅटिकनबाहेर पाऊल टाकले नाही. ते स्वतःला तिथले बंदी मानत राहिले.

हा तिढा 11 फेब्रुवारी 1929 रोजी लॅटरन राजवाड्यात झालेल्या करारांनी सुटला. पोप अकरावे पायस यांच्या वतीने कार्डिनल पिएत्रो गास्पारी यांनी आणि इटलीच्या राजाच्या वतीने बेनितो मुसोलिनी यांनी सह्या केल्या. कराराचे भाग तीन होते. पहिल्याने व्हॅटिकन नगरराज्य निर्माण केले, दुसऱ्याने इटलीतील चर्चचे स्थान ठरवले आणि तिसऱ्याने गेलेल्या राज्याबद्दल नुकसानभरपाई दिली : 75 कोटी लिरा रोख आणि 100 कोटी लिरांचे पाच टक्के व्याजाचे सरकारी रोखे. पाणी, रेल्वे, तार आणि दूरध्वनी यांची जोडणी करून देण्याची जबाबदारीही इटलीने घेतली. 7 जून 1929 रोजी करार अमलात आला आणि त्याच दिवशी नव्या राज्याने आपले पहिले सहा कायदे जारी केले. महायुद्धानंतर इटली प्रजासत्ताक झाले, तेव्हा 1948 च्या संविधानाच्या सातव्या कलमात या करारांचा उल्लेख आला. फॅसिस्ट राजवट गेली, राजाही गेला, करार मात्र राहिला. इटलीतील चर्चच्या स्थानाविषयीचा भाग तेवढा 1984 मध्ये दोन्ही बाजूंच्या संमतीने नव्याने लिहिला गेला.

व्हॅटिकनविषयी सर्वाधिक घोटाळा होतो तो दोन संस्था एकच समजल्यामुळे. एक आहे होली सी, म्हणजे पोपचे धर्मपीठ. ते 1929 च्या कितीतरी आधीपासून आहे, जगभरच्या कॅथलिक चर्चचे शासन करते आणि आंतरराष्ट्रीय कायद्यात त्याला स्वतःचे व्यक्तित्व आहे. दुसरे आहे व्हॅटिकन नगरराज्य, म्हणजे त्या पीठाच्या पायाखालची जमीन. दोन्हींचा प्रमुख एकच, पण कारभाराची यंत्रणा वेगळी. इतर देशांचे राजदूत नेमले जातात ते होली सीकडे. संयुक्त राष्ट्रांत 1964 पासून निरीक्षक म्हणून बसते तीही होली सी. भारताने 1948 मध्ये राजनैतिक संबंध जोडले तेही होली सीशीच. राजदूतावासांना लागणारी जागा व्हॅटिकनच्या तटाच्या आत नाही, त्यामुळे ते रोममध्ये, म्हणजे इटलीच्या भूमीवर असतात. जागतिक टपाल संघटनेसारख्या काही तांत्रिक संस्थांत मात्र सदस्यत्व नगरराज्याचे आहे, कारण टपालपेट्या आणि तिकिटे त्याची आहेत.

महाराष्ट्रातले उदाहरण घेतले तर हा फरक नेमका कळतो. वसईचा धर्मप्रांत 1998 मध्ये मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वेगळा काढला गेला. तो निर्णय आणि तिथल्या बिशपची नेमणूक पोपची. पण हा अधिकार ते चर्चप्रमुख म्हणून वापरतात, नगरराज्याचे राज्यप्रमुख म्हणून वापरत नाहीत. चर्चची धर्मसंहिता, जिची सध्याची आवृत्ती 1983 ची आहे, वसई, गोवा, मनिला आणि लिमा इथल्या लॅटिन परंपरेच्या कॅथलिकांना सारखीच लागू होते. व्हॅटिकन राज्याचा वाहतुकीचा वा साफसफाईचा नियम तटाबाहेर कुणालाही लागू होत नाही. क्युरिया, म्हणजे धर्मपीठाची मध्यवर्ती कार्यालये, चर्चचा कारभार पाहतात. पोप फ्रान्सिस यांनी मार्च 2022 मध्ये त्यांची नव्याने रचना केली. शहराचा कारभार त्यांच्याकडे नाही. पुढचे विवेचन मुख्यतः या दुसऱ्या, छोट्या घटकाचे आहे.

या राज्याचे नागरिकत्व जन्माने मिळत नाही. ते कामामुळे मिळते आणि काम संपले की सहसा जाते. नागरिकत्व, वास्तव्य आणि प्रवेश यांविषयीचा सध्याचा कायदा 22 फेब्रुवारी 2011 चा आहे. व्हॅटिकनमध्ये किंवा रोममध्ये राहणारे कार्डिनल, होली सीचे मुत्सद्दी आणि पदामुळे वा सेवेमुळे तटाच्या आत राहणारे लोक त्यानुसार नागरिक ठरतात. त्यांच्या कुटुंबीयांना परवानगीने नागरिकत्व मिळू शकते. मुंबईचे माजी आर्चबिशप इव्हान डायस 2006 ते 2011 या काळात धर्मप्रसाराच्या खात्याचे प्रमुख म्हणून रोममध्ये होते. रोमनिवासी कार्डिनल म्हणून वांद्र्याचा हा माणूस या नियमात बसत होता. स्विस गार्डचा तरुण सैनिक नोकरीपुरता नागरिक असतो आणि नोकरी सोडली की पुन्हा केवळ स्विस होतो. ज्याला दुसरे नागरिकत्वच नसेल, त्याला व्हॅटिकनचे गेल्यावर इटलीने आपला नागरिक मानावे अशी तरतूद लॅटरन करारात आहे. त्यामुळे कुणी देशाविना उघड्यावर पडत नाही. लोकसंख्या हजाराच्या आत आहे आणि रोज कामाला येणारे हजारो लोक रोममध्ये राहतात. इथल्या कायद्याची प्रजा म्हणजे बहुतांशी नोकरवर्ग, हे लक्षात आले की इथे मतदार का नाहीत हेही कळते.

सार्वभौम सत्ता पोपची. मूलभूत कायद्याचे पहिलेच कलम सांगते की कायदे करण्याचे, अंमलबजावणीचे आणि न्यायदानाचे पूर्ण अधिकार त्यांच्याकडे आहेत. युरोपात अशी निरंकुश राजसत्ता आता दुसरीकडे कुठे उरलेली नाही. पण ही राजसत्ता वंशपरंपरेची नाही. पोप निवडला जातो आणि निवडणारे असतात ऐंशी वर्षांखालचे कार्डिनल. ही वयोमर्यादा पोप सहावे पॉल यांनी 1970 मध्ये घातली. निवडून येण्यासाठी दोन तृतीयांश मते लागतात. मे 2025 च्या निवडणुकीत 133 कार्डिनलांनी मतदान केले आणि 8 मे रोजी रॉबर्ट प्रीव्होस्ट हे चौदावे लिओ या नावाने पोप झाले. त्या मतदारांत गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव होते. मुंबईचे ओस्वाल्ड ग्रेशियस मात्र काही महिन्यांपूर्वीच ऐंशी पूर्ण झाल्याने मतदानाबाहेर राहिले. मुंबईचे व्हॅलेरियन ग्रेशियस 1953 मध्ये पहिले भारतीय कार्डिनल झाले, तेव्हापासून या निवडणूकमंडळात भारताचा आवाज आहे. हे मंडळ चर्चचा प्रमुख निवडते. नगरराज्याचे राजेपद त्या निवडीबरोबर आपोआप येते.

पोपच्या मृत्यूनंतर किंवा राजीनाम्यानंतर पद रिकामे असते, त्या काळात राज्याची सत्ता कार्डिनल मंडळाकडे जाते, पण तिला जाणीवपूर्वक आखूड ठेवलेले आहे. निकडीच्या प्रसंगीच मंडळ कायद्याची तरतूद करू शकते, ती तरतूद पद रिकामे असेतोवरच टिकते आणि नव्या पोपने कायम केली नाही तर संपते. 2013 मध्ये सोळावे बेनेडिक्ट यांनी राजीनामा दिला तेव्हा आणि 21 एप्रिल 2025 रोजी पोप फ्रान्सिस यांचे निधन झाले तेव्हा राज्य याच नियमाने चालले. सत्ता कुणाकडेच नाही अशी एक घटकाही येत नाही, आणि मधल्या काळात कुणाला नवे धोरणही रेटता येत नाही. या राज्याच्या कायद्यातला हा सर्वांत नेटका भाग म्हणावा लागेल.

पोप स्वतः शहराचा दैनंदिन कारभार पाहत नाहीत. 1929 मध्ये त्यासाठी गव्हर्नर हे पद काढले गेले आणि मार्किस कामिल्लो सेराफिनी या नाणेशास्त्राच्या जाणकाराची त्यावर नेमणूक झाली. ते पहिले गव्हर्नर, आणि शेवटचेही. 1952 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या जागी कुणी आलेच नाही. दरम्यान 1939 मध्ये पोप बारावे पायस यांनी कार्डिनलांचा एक आयोग नेमला होता. गव्हर्नरचे पद रिकामे राहत गेले, तशी खरी सत्ता या आयोगाकडे सरकली. एका माणसाचे पद मागे पडून समिती पुढे आली, आणि त्यासाठी कुठली घटनादुरुस्तीही लागली नाही. पुढे 26 नोव्हेंबर 2000 रोजी दुसरे जॉन पॉल यांनी 1929 च्या मूलभूत कायद्याच्या जागी नवा कायदा आणला, तेव्हा या वहिवाटीला लेखी रूप आले. पोप फ्रान्सिस यांनी 13 मे 2023 रोजी तिसरा मूलभूत कायदा जारी केला. तो 7 जूनपासून, राज्याच्या वर्धापनदिनापासून, लागू झाला.

व्हॅटिकन राज्याचा पोंटिफिकल आयोग असे या समितीचे नाव. तिचे सदस्य पोप पाच वर्षांसाठी नेमतात. पूर्वी ते सगळे कार्डिनलच असत. 2023 च्या कायद्याने इतरांनाही दार उघडले, पण अध्यक्ष कार्डिनलांपैकीच असावा असा त्याचा रोख राहिला. आयोगाचा अध्यक्षच गव्हर्नोरातो, म्हणजे शहराच्या कारभाराची यंत्रणा, सांभाळतो. तिच्याखाली बांधकाम व सेवा, दूरसंचार, अर्थ, सुरक्षा, आरोग्य, वस्तुसंग्रहालये आणि कास्तेल गांदोल्फोची उद्याने अशी संचालनालये येतात. पोप फ्रान्सिस यांनी 1 मार्च 2025 पासून सिस्टर राफाएल्ला पेत्रीनी यांना या दोन्ही पदांवर बसवले. 2021 पासून त्या तिथल्या सरचिटणीस होत्या. अध्यक्षपदी आलेल्या त्या पहिल्या स्त्री. नेमणूक आधी झाली आणि कायद्याचे शब्द मागून आले : नोव्हेंबर 2025 मध्ये पोप चौदावे लिओ यांनी संबंधित कलम बदलून अध्यक्ष कार्डिनलच असला पाहिजे ही अट काढली. सार्वभौम सत्ताधीश स्वतःच कायदा आहे असे म्हणून हा प्रश्न गप्प बसवता आला असता. तसे न करता कलम दुरुस्त केले गेले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. आपल्याच कायद्याच्या शब्दांशी आपली कृती जुळावी, याची काळजी त्यात दिसते.

कायदा तयार होण्याची वाट अशी. पोपला वाटेल तेव्हा ते स्वतः कायदा करू शकतात आणि महत्त्वाचे कायदे बहुधा तसेच येतात. बाकीचे कायदे आयोग करतो. मसुदा गव्हर्नोरातोच्या विधी कार्यालयात बेतला जातो, त्यावर आयोगात चर्चा होते आणि मग तो राज्य सचिवालयामार्फत पोपच्या विचारार्थ जातो. हे सचिवालय होली सीचे आहे, शहराचे नाही. पिएत्रो पारोलिन 2013 पासून त्याचे प्रमुख आहेत. परराष्ट्रव्यवहारही याच सचिवालयाकडे राखून ठेवलेला असल्यामुळे शहराच्या यंत्रणेला बाहेरच्या देशाशी थेट करार करता येत नाही. कायद्याखालची पायरी म्हणजे अध्यक्षांचे आदेश. निकडीच्या वेळी अध्यक्ष कायद्याचे बळ असलेला आदेशही काढू शकतात, पण 2000 च्या मूलभूत कायद्याने त्याला मुदत घातली : आयोगाने 90 दिवसांत तो कायम केला नाही, तर तो संपतो. भारतात राष्ट्रपतींच्या अध्यादेशाला संसदेची मान्यता लागते, तसाच हा बांध. फरक एवढाच की इथे मान्यता देणारेही नेमलेलेच असतात.

कायदा जाहीर होतो तो होली सीच्या राजपत्राच्या खास पुरवणीत. पण त्याबरोबर एक जुनी रीतही पाळली जाते. त्याची प्रत राजवाड्याच्या सान दामासो अंगणात, गव्हर्नोरातोच्या कचेरीच्या दारावर आणि टपाल कार्यालयांत डकवली जाते. तटाच्या आत काम करणारा माळी किंवा कारकून येता-जाता ती वाचू शकतो. कायद्यांना रोमन अंक देतात आणि पोप बदलला की अंक पुन्हा एकपासून सुरू होतात. म्हणून बेनेडिक्ट यांच्या 2008 च्या एका कायद्याचा क्रमांक 71 आहे, तर फ्रान्सिस यांच्या पहिल्याच वर्षी आलेल्या, 11 जुलै 2013 च्या एका कायद्याचा क्रमांक 8. केवळ क्रमांक सांगून व्हॅटिकनचा कायदा शोधता येत नाही. कुणाच्या कारकिर्दीतला ते आधी सांगावे लागते.

या कायद्यांच्या मजकुराचा मोठा भाग मात्र उसना आहे. 1929 मध्ये चार महिन्यांत एका राज्याची कायदेव्यवस्था उभी करायची होती. फ्रान्चेस्को पाचेल्ली या वकिलांच्या देखरेखीखाली ते काम झाले आणि त्यात मोठा वाटा होता फेदेरिको कामेओ यांचा. कामेओ ज्यू होते आणि प्रशासकीय कायद्याचे नामांकित प्राध्यापक होते. पोपच्या राज्याचे आरंभीचे कायदे घडवणाऱ्या या विद्वानाला 1938 च्या फॅसिस्ट वंशभेदी कायद्यांनी विद्यापीठातून काढले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. या राज्याच्या कायद्याचा इतिहास सांगताना त्यांचे नाव पुढे यायलाच हवे.

त्यावेळी मार्ग सोपा निवडला गेला. मूळ आधार चर्चची धर्मसंहिता आणि राज्याचे स्वतःचे कायदे. ते जिथे गप्प, तिथे इटलीचा कायदा. त्यातून एक विलक्षण स्थिती उभी राहिली. इटलीने 1930 मध्ये नवी दंडसंहिता केली, पण व्हॅटिकनने 1889 ची त्साणार्देल्ली संहिता आणि 1913 ची फौजदारी कार्यपद्धती सोडली नाही. इटलीत ज्या संहिता इतिहासजमा झाल्या, त्या दुरुस्त्या होत होत तटाच्या आत जिवंत राहिल्या. त्साणार्देल्ली संहितेने फाशी रद्द केली होती. तरी पोपच्या जिवावर उठणाऱ्यासाठी व्हॅटिकनने 1929 मध्ये देहदंडाची खास तरतूद केली. ती एकदाही वापरली गेली नाही आणि 1969 मध्ये सहावे पॉल यांनी ती काढून टाकली.

सोळावे बेनेडिक्ट यांनी 1 ऑक्टोबर 2008 रोजी कायद्याच्या उगमांविषयी नवा कायदा केला, तो 2009 च्या आरंभी लागू झाला. तोवर इटलीचे कायदे जवळजवळ आपोआप येत. आता व्हॅटिकनच्या अधिकाऱ्यांनी स्वीकारल्याशिवाय ते येत नाहीत, आणि दैवी कायदा, नैसर्गिक कायद्याची तत्त्वे किंवा लॅटरन करार यांच्या विरोधात असतील तर मुळीच येत नाहीत. धर्मसंहितेला पहिला मान मिळाला. इटलीत कायदे फार होतात, वारंवार बदलतात आणि कधी चर्चच्या शिकवणीविरुद्ध जातात, असे त्यामागचे कारण व्हॅटिकनकडून त्यावेळी मांडले गेले. व्यवहारात मात्र शेजाऱ्याचा कायदा लागतोच. ज्या राज्यात बहुतेक कर्मचारी रोज इटलीतून येतात, तिथे करार, वीज, वाहने, औषधे या बाबतींत वेगळी वाट चोखाळणे परवडत नाही.

न्यायव्यवस्थेची सध्याची मांडणी 16 मार्च 2020 च्या कायद्याची आहे. खाली न्यायालय, त्यावर अपील न्यायालय, सर्वांत वर कॅसेशन न्यायालय. सरकारी बाजू मांडणाऱ्याला न्यायप्रवर्तक म्हणतात. न्यायाधीश पोप नेमतात. नेमणुकीनंतर ते फक्त कायद्याला बांधील, असे हा कायदा स्पष्ट म्हणतो. न्यायाधीश बहुधा इटलीतले अनुभवी विधिज्ञ असतात. सगळे गुन्हे मात्र या न्यायालयांपुढे येत नाहीत. सेंट पीटरचा चौक व्हॅटिकनचाच, पण लॅटरन करारानुसार एरवी तिथला बंदोबस्त इटलीच्या पोलिसांकडे असतो आणि होली सीने सांगितल्यास तटाच्या आत घडलेल्या गुन्ह्याचा खटलाही इटली चालवू शकते. 13 मे 1981 रोजी त्या चौकात मेहमेत अली अग्जा याने दुसरे जॉन पॉल यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याचा खटला इटलीच्या न्यायालयात चालला, जन्मठेप तिथेच झाली आणि 2000 मध्ये माफी दिली ती इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी. पोप तुरुंगात जाऊन त्याला भेटले होते, पण सुटकेचा आदेश त्यांच्या हातात नव्हता. उलट 2012 मध्ये पोपचे खासगी सेवक पाओलो गाब्रिएले यांच्यावर कागदपत्रे चोरल्याचा खटला व्हॅटिकनमध्येच चालला, अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि त्या वर्षीच्या नाताळापूर्वी बेनेडिक्ट यांनी ती माफ केली.

या व्यवस्थेतली खरी अडचण उघड झाली ती लंडनमधल्या स्लोन अव्हेन्यूवरील इमारतीच्या व्यवहारातून. राज्य सचिवालयाचा पैसा त्या खरेदीत गुंतला आणि बुडाला. 27 जुलै 2021 रोजी दहा आरोपींवर खटला सुरू झाला. त्यांत कार्डिनल आंजेलो बेच्यू होते. त्याआधी काही महिने पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलून कार्डिनल आणि बिशप यांचे फौजदारी खटलेही, पोपच्या संमतीने, नेहमीच्याच न्यायालयात चालतील असे ठरवले होते. 16 डिसेंबर 2023 रोजी बेच्यू यांना साडेपाच वर्षांची शिक्षा सुनावली गेली. त्यांनी आरोप नाकारले आहेत आणि अपील 2025 मध्ये सुनावणीस आले. एका कार्डिनलला सामान्य आरोपीप्रमाणे उभे करणारा हा खटला कायद्यापुढील समानतेच्या दिशेने मोठे पाऊल होता, यात शंका नाही.

पण त्याच खटल्यात बचाव पक्षाने चार कागदांवर बोट ठेवले. तपास चालू असताना, 2019 आणि 2020 मध्ये, पोपनी चार लेखी आदेशांनी सरकारी पक्षाला नेहमीच्या कार्यपद्धतीपलीकडचे अधिकार दिले होते. आरोपींना नंतर कळेपर्यंत ते कुठे जाहीर झालेले नव्हते. सान दामासोच्या अंगणात डकवल्या जाणाऱ्या कायद्याच्या अगदी उलट टोकाला हे आदेश जातात. पोपच सर्वोच्च विधिकर्ता असल्यामुळे आदेश वैध आहेत, असे न्यायालयाने मानले. मूलभूत कायद्याच्या पहिल्या कलमाकडे पाहिले तर त्या निष्कर्षाला आधार आहे. तरीही खटला सुरू असताना नियम बदलू शकणारा आणि न्यायाधीशही नेमणारा राजा असेल, तर आरोपीला न्याय्य सुनावणीची हमी कुठून मिळणार, हा प्रश्न त्याने मिटत नाही. व्हॅटिकन युरोपीय मानवाधिकार कराराचा पक्ष नसल्याने स्ट्रासबर्गच्या न्यायालयाचे दारही त्याच्या नागरिकाला वा आरोपीला उघडे नाही. कायद्याच्या अभ्यासकांनी यावर कडक लिहिले आहे आणि ते लिहिणे आवश्यक होते. पोपचे स्वातंत्र्य जपण्यासाठी सर्व सत्ता एका हाती ठेवली गेली. तो हात आरोपीच्या विरुद्ध बाजूला असतो तेव्हा काय, याचे उत्तर 1929 मध्ये कुणी दिले नव्हते.

या सत्तेवर बाहेरून मर्यादा येते ती पैशाच्या मार्गाने. व्हॅटिकन युरोपीय संघाचे सदस्य नाही, पण युरो वापरते आणि स्वतःच्या छापाची नाणी काढते. 17 डिसेंबर 2009 च्या चलन कराराने त्या सवलतीबदली काळा पैसा पांढरा करणे, फसवणूक आणि बनावट चलन यांविरुद्धचे युरोपीय नियम स्वीकारण्याचे बंधन आले. 30 डिसेंबर 2010 रोजी बेनेडिक्ट यांनी त्यासाठी कायदा केला आणि आर्थिक व्यवहारांवर देखरेख करणारी स्वतंत्र संस्था स्थापन केली. 2011 पासून युरोप परिषदेच्या मनीव्हाल या तपासमंडळाची परीक्षाही राज्याने स्वीकारली. 1942 मध्ये स्थापन झालेल्या आणि व्हॅटिकनची बँक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धर्मकार्य संस्थेची हजारो खाती त्यानंतर तपासून बंद झाली. 2013 मध्ये दंडसंहितेत मोठ्या दुरुस्त्या होऊन छळ, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि मुलांवरील अत्याचार यांच्या आधुनिक व्याख्या आल्या आणि जन्मठेप रद्द होऊन तिच्या जागी तीस ते पस्तीस वर्षांची कैद आली. 26 मार्च 2019 च्या कायद्याने अल्पवयीनांवरील अत्याचाराची माहिती मिळताच कळवणे हे अधिकाऱ्यांचे कर्तव्य ठरवले. या शेवटच्या कायद्याच्या मागे चर्चने जगभर ओढवून घेतलेल्या दुःखाचा आणि रोषाचा दाब होता. 44 हेक्टरांपुरता का होईना, तो कायदा होणे गरजेचे होते.

राज्याला प्राप्तिकर नाही. शहराच्या उत्पन्नाचा मुख्य आधार वस्तुसंग्रहालयांची तिकिटे आणि त्यांच्या जोडीला टपाल तिकिटे, नाणी व विक्री. कधी धोरणापुढे हे उत्पन्नही सोडले जाते : 2018 पासून, आरोग्याला घातक वस्तूवर नफा नको म्हणून, फ्रान्सिस यांनी कर्मचाऱ्यांना स्वस्तात मिळणाऱ्या सिगारेटींची विक्री थांबवली. नोकर आणि मालक यांच्यातले वाद 1989 पासून वेगळ्या श्रम कार्यालयाकडे जातात. बंदोबस्ताची दोन दले आहेत. 1506 पासूनची स्विस गार्ड पोपच्या संरक्षणासाठी, तर जेंडार्मेरी गुन्हे, वाहतूक आणि वेशींवरची तपासणी यांसाठी. पहिले दल धर्मपीठाच्या सेवेत, दुसरे गव्हर्नोरातोच्या अखत्यारीत. एकाच दारावर दोन गणवेश दिसतात, त्याचे कारण ही विभागणी आहे.